स्कार्फ आपोआप, हेल्मेट सक्तीनं: संस्कृती माणसाला वळण कशी लावते

सकाळी साडेनऊच्या सुमाराला पुण्यातल्या नळ स्टॉपच्या सिग्नलला थांबलेल्या दुचाक्या पाहा. चालवणाऱ्या बहुतेक बायका-मुलींनी चेहऱ्याला स्कार्फ घट्ट बांधलेला असतो. कपाळावरून घेतलेला, नाकावरून फिरवलेला, टोकं मागे गाठीत अडकवलेली, फक्त डोळे उघडे. स्कार्फ बांधाच असा कायदा नाही, न बांधल्याबद्दल दंड नाही, तो कसा बांधायचा हे शाळेत कोणी शिकवत नाही. तरी पुण्यात कॉलेजला आलेली बाहेरगावची मुलगी महिन्या-दोन महिन्यांत तो सफाईनं बांधायला लागते.

हेल्मेटचं नेमकं उलट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ प्रमाणे ते सक्तीचं आहे. दंड आहे, चौकात पोलीस आहेत, कॅमेरे आहेत. पण २०१९ च्या जानेवारीत शहरात कडक अंमलबजावणी सुरू झाली तेव्हा त्याविरुद्ध कृती समिती उभी राहिली, आंदोलनं झाली. आजही कित्येकांचं हेल्मेट कोपरात अडकवलेलं असतं आणि चौक दिसला की डोक्यावर चढतं.

फायद्या-तोट्याचा हिशोब केला तर हे उलट व्हायला हवं होतं. स्कार्फनं ऊन आणि धूळ अडते, पण धुरातले अगदी बारीक कण साध्या सुती कापडानं फारसे अडत नाहीत आणि पडल्यावर तर त्याचा काहीच उपयोग नाही. हेल्मेट जीव वाचवतं. मग जीव वाचवणारी वस्तू नकोशी आणि कापडाचा तुकडा अंगवळणी, असं का? याचं उत्तर संस्कृती कशी काम करते यात आहे. ‘ही आपली संस्कृती नाही’ हे वाक्य आपण गणपतीच्या मिरवणुकीपासून मुलांच्या कपड्यांपर्यंत कुठेही ऐकतो. त्यामुळे हा शब्द नेमका समजून घेण्याची गरज आहे.

गाणं-नाटक म्हणजे संस्कृती नव्हे का?

तीही आहेच. पुण्याला सांस्कृतिक राजधानी म्हणतात तेव्हा सवाई गंधर्व महोत्सव, पुरुषोत्तम करंडक, व्याख्यानमाला डोळ्यांपुढे असतात. पण माणसांचा अभ्यास करणारे लोक हा शब्द फार व्यापक अर्थानं वापरतात. एडवर्ड टायलर या इंग्रज अभ्यासकानं १८७१ मध्ये ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी आणि समाजात राहून माणूस जे जे आत्मसात करतो ते सगळं संस्कृतीत धरलं. पुढे १९५२ मध्ये क्रोबर आणि क्लकहोन या दोघा अमेरिकी अभ्यासकांनी या शब्दाच्या व्याख्या गोळा केल्या, त्या १६४ भरल्या.

आपल्याला तीन अटी पुरतील. जी गोष्ट जन्मानं मिळालेली नाही, दुसऱ्यांकडून शिकलेली आहे आणि गटातल्या बहुतेकांकडे आहे, ती संस्कृती. भूक लागणं संस्कृती नाही, पण पानात डावीकडे मीठ-लिंबू नसलं की चुकल्यासारखं वाटणं ही संस्कृती आहे. एखाद्याला एकट्यालाच दुपारी झोपायची सवय असेल तर ती त्याची सवय. गल्लीतली सगळी दुकानं एक ते चार बंद असतात आणि गिऱ्हाईकही त्या वेळात फिरकत नाही, तेव्हा ती संस्कृती होते.

मनात चालणारे दोन प्रश्न

वागण्यावर सगळ्यात जास्त पकड असते ती संस्कृतीतल्या सामाजिक संकेतांची. सामाजिक संकेत म्हणजे कुठेही न लिहिलेला, पण बहुतेकांनी पाळलेला आणि मोडला तर कोणाच्या तरी कपाळाला आठी पडेल असा नियम.

असा संकेत दोन प्रश्नांवर उभा असतो. पहिला: सगळे काय करतात? दुसरा: मी तसं केलं नाही तर लोक काय म्हणतील? दुसरा प्रश्न मराठी माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही, कारण अनेक घरांत तो रोज उच्चारला जातो. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की दोन्ही प्रश्नांची आपल्या मनातली उत्तरं हे अंदाज असतात. आपण शहरभर फिरून मोजलेलं नसतं. जेवढे डोळ्यांसमोर येतात तेवढ्यांवरून आपण ‘सगळे’ ठरवतो. अंदाज चुकीचा असला तरी वागणं मात्र त्या अंदाजाप्रमाणेच होतं.

आता स्कार्फला हे दोन प्रश्न लावून पाहा. सगळ्या काय करतात? बांधतात, सिग्नलला रोज दिसतं. लोक काय म्हणतील? बांधला नाही तर आई म्हणेल, ‘अगं, केवढं ऊन आहे, बांध की.’ मैत्रीण आपल्याकडचा जास्तीचा स्कार्फ काढून देईल. हेल्मेटला तेच प्रश्न लावा. पेठेतल्या पेठेत जाताना कोणी घातलेलं दिसत नाही, आणि घातलंच तर घरातूनच येतं: ‘एवढ्याशा अंतराला कशाला?’ दंडाची भीती चौकापुरती असते. हे दोन प्रश्न मात्र घराच्या दारापासून सोबत असतात.

पण माणूस विचार न करता नक्कल का करतो?

कारण नक्कल हे माणसाचं फार मोठं बळ आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हॉर्नर आणि व्हाइटन यांच्या प्रयोगात चिंपांझी आणि तीन-चार वर्षांची मुलं, दोघांना एका पेटीतून खाऊ किंवा बक्षीस काढून दाखवलं. दाखवणाऱ्यानं आधी वरच्या भोकात काडी खुपसली, मग पुढचं दार उघडून वस्तू काढली. पेटी पारदर्शक असली की वरच्या काडीचा काही उपयोग नाही हे दिसत होतं. चिंपांझींनी ती पायरी सोडून दिली. मुलांनी मात्र निरुपयोगी पायरीसकट सगळं जसंच्या तसं केलं.

चिंपांझी हुशार आणि मुलं मठ्ठ असा याचा अर्थ नाही. अळूचं फदफदं आठवा. अळूच्या पानांत आणि देठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, त्यांनी घसा खवखवतो. म्हणून अळू नीट शिजवायचं आणि त्यात चिंच किंवा आमसूल घालायचं. हे रसायनशास्त्र आजीला माहीत नव्हतं, तिच्या आजीलाही नव्हतं. ‘अळूत चिंच घालायचीच’ एवढंच पुढे आलं. एखाद्या चिकित्सक नातवानं प्रत्येक पायरी सिद्ध झाल्याशिवाय करायची नाही असं ठरवलं, तर त्याला घसा धरून शिकावं लागेल. हजारो माणसांनी चुकतमाकत मिळवलेलं ज्ञान कारण न समजताही उचलता येतं, ही नक्कल करण्याची कमाई आहे.

त्याची किंमतही आहे. चिंच उचलणारं डोकं त्याच पिशवीतून निरुपयोगी आणि घातक गोष्टीही उचलतं, आणि आतून दोन्ही सारख्याच ‘बरोबर’ वाटतात.

१८९० चा एक कप चहा

निरुपयोगी संकेत किती घट्ट बसू शकतो, याचं उदाहरण पुण्यातच आहे. १८९० मध्ये गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेत शहरातली बरीच प्रतिष्ठित मंडळी एका कार्यक्रमाला गेली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. तिथे चहा दिला गेला. पुढे उपस्थितांची नावं ‘पुणे वैभव’ या वृत्तपत्रात छापून आली आणि गहजब झाला. मिशनऱ्यांच्या हातचा चहा घेतला म्हणून प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी झाली, प्रायश्चित्ताची मागणी झाली. सुधारकांचे अग्रणी असलेल्या रानड्यांनीही १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं.

एका कपासाठी एवढं? संकेत मोडणाऱ्याला मिळणारी शिक्षा पाहिली की उलगडा होतो. पोलीस नव्हते, तुरुंग नव्हता. पण बहिष्कार पडला की पंगतीला बोलावणं बंद, मुलाबाळांची लग्नं अडणार, घरच्या कार्याला भटजी मिळणं मुश्कील. ही शिक्षा एकट्याला होत नसे, घरातल्या सगळ्यांना होत असे. त्यामुळे बाहेरच्यांआधी घरचेच माणसाला आवरत. मनातून चहात काही गैर नाही असं मानणारा माणूसही गप्प बसे, आणि तो गप्प बसला म्हणून शेजाऱ्याला वाटे की हाही जुन्याच मताचा आहे. प्रत्येक जण इतरांच्या गप्प बसण्याचा असा अर्थ लावत राहिला, तर जो संकेत फार थोड्यांना मनापासून हवा आहे तोही वर्षानुवर्षं टिकतो.

आज त्याच पेठांत अमृततुल्य चहाच्या दुकानासमोर कोण कोणाशेजारी उभं राहून चहा पितंय हे कोणी पाहत नाही. उलट घरी आलेल्याला चहा विचारला नाही तर लोक नावं ठेवतात. सव्वाशे वर्षांत संकेत पुरता उलटला. पण जातीचे सगळे संकेत असे गेले नाहीत. २०११-१२ च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय लग्नांचं प्रमाण सुमारे ५ टक्के होतं. चहा दोन मिनिटांचा, अनोळखी गर्दीतला असतो. लग्न चारचौघांत होतं, जन्मभराचं असतं आणि त्यात दोन्हीकडच्या नातेवाइकांना नकार देता येतो. ज्या वागण्यावर जास्त लोकांची नजर आणि जास्त लोकांचा हात असतो, ते बदलायला जास्त वेळ लागतो. हा फरक समजला नाही म्हणून ‘आता जात कुठे राहिलीय’ असं म्हणणारे आणि ‘काहीच बदललं नाही’ असं म्हणणारे दोघेही चुकतात.

किळस, लाज या तरी उपजत असतील?

भावना उपजत असतात. त्या कशाबद्दल वाटाव्यात, हे मात्र पुष्कळदा शिकलेलं असतं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संशोधन केलेल्या इरावती कर्वे यांनी भारतभरच्या नात्यागोत्यांचा अभ्यास केला. उत्तर भारतात बहुतेक हिंदू समाजांत मामाची मुलगी ही बहीणच, तिच्याशी लग्नाचा विचारही अंगावर शहारा आणतो. दक्षिणेत अनेक समाजांत तेच स्थळ पहिल्यांदा पाहिलं जातं. महाराष्ट्र या दोहोंच्या सीमेवर आहे, म्हणून इथे काही समाजांत मामाची मुलगी चालते, काहींत चालत नाही. शहारा दोन्हीकडे खराच असतो, पण तो कुठे यावा हे घरानं ठरवलेलं असतं.

मग हे प्राचीन काळापासून असंच चालत आलंय का?

एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीकडे पाहा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका, शेंगदाणे, बटाटा आणि मिरची ही चारही पिकं मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज भारताच्या किनाऱ्याला लागले १४९८ मध्ये, आणि ही पिकं आपल्याकडे आली ती त्यानंतरच. म्हणजे या खिचडीत तूप, जिरं, मीठ सोडलं तर बाकी बहुतेक सगळं गेल्या पाचेक शतकांतलं आहे. उपासाची श्रद्धा त्यानं खोटी ठरत नाही. उपास जुना आहे, त्याचं ताट नवं आहे, आणि दोन्ही आपलंच आहे. एखादी गोष्ट ‘पूर्वापार’ वाटते, कारण आपल्या आधीच्या दोन-तीन पिढ्यांनी ती केलेली आपण पाहिली. त्यापलीकडचं आठवणीत राहत नाही.

सगळं संस्कृतीच ठरवत असेल तर कायदा कशाला?

इथे न्यूयॉर्कचं उदाहरण उपयोगी आहे. संयुक्त राष्ट्रांत नेमलेल्या परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांना तिथे चुकीच्या जागी गाडी लावल्याचा दंड भरावा लागत नसे. १९९७ ते २००२ या काळात त्यांच्या नावावर दीड लाखाहून अधिक न भरलेल्या पावत्या साचल्या. फिस्मन आणि मिगेल या अर्थशास्त्रज्ञांनी त्या देशवार मोजल्या. नॉर्वे, स्वीडन, जपान यांच्या अधिकाऱ्यांची एकही पावती नव्हती. कुवेतच्या एकेका अधिकाऱ्यामागे वर्षाला दोनशेच्या वर होत्या. शहर तेच, मोकळीक तीच, तरी प्रत्येक जण मायदेशातलं वळण घेऊन आला होता. पण २००२ मध्ये शहरानं थकबाकीदारांच्या गाड्यांच्या खास नंबरप्लेट काढून घ्यायला सुरुवात केली आणि अशा पावत्या जवळजवळ ९८ टक्क्यांनी घटल्या. म्हणजे ‘त्यांच्या रक्तातच आहे’ हेही खरं नाही. शिक्षा नक्की होणार अशी खात्री असली की वागणं पटकन बदलतं.

दंड नुसता मोठा असून भागत नाही, तो होणारच हे माहीत असावं लागतं. आणि दंड उलटूही शकतो. इस्रायलमधल्या हायफा शहरात १० पाळणाघरांपैकी सहा ठिकाणी मुलांना न्यायला १० मिनिटांहून जास्त उशीर करणाऱ्या पालकांना १० शेकेल दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी जवळजवळ दुप्पट झाला. आधी पालकांना ताईंना थांबवून ठेवल्याची लाज वाटत होती. आता ते जास्तीच्या वेळेचं भाडं झालं. दंड काढून टाकल्यावरही उशीर खाली आला नाही, कारण लाज एकदा गेली होती. हा प्रयोग सोसायटीच्या प्रत्येक कमिटीनं लक्षात ठेवावा असा आहे.

हे सगळे परदेशातले प्रयोग, आपल्याला कसे लागू?

शंका रास्त आहे. अभ्यासकांनाही ती बरीच उशिरा पडली. एक खेळ असतो: दोन अनोळखी माणसं, एकाला पैसे मिळतात, त्यानं दुसऱ्याला वाटा देऊ करायचा, दुसऱ्यानं नाकारला तर दोघांनाही काही नाही. अमेरिकी विद्यार्थी साधारण ४० ते ५० टक्के देऊ करतात, म्हणून बरीच वर्षं हाच मनुष्यस्वभाव मानला गेला. मग हा खेळ पेरूमधल्या माचिगेंगा लोकांत खेळला गेला. तिथे सरासरी २६ टक्के देऊ केले गेले, आणि घेणाऱ्यांनी ते जवळजवळ कधीच नाकारले नाहीत. इंडोनेशियात मिळून देवमाशाची शिकार करणाऱ्या लामालेरात सरासरी निम्म्याहून वर गेली. म्हणून परदेशातला आकडा जसाच्या तसा इथे आणू नये. आकडे बदलतात, पण माणूस आजूबाजूच्यांकडे पाहून वागतो ही गोष्ट सगळीकडे दिसली आहे.

पाट्या लावून का भागत नाही

अमेरिकेत ॲरिझोनात दगड झालेल्या प्राचीन लाकडाचं एक राष्ट्रीय उद्यान आहे, पर्यटक तिथले तुकडे खिशात घालतात. अभ्यासकांनी वाटेवर खुणा केलेले तुकडे टाकून दोन तऱ्हेच्या पाट्या लावून पाहिल्या. ‘आजवर अनेकांनी तुकडे नेल्यानं उद्यानाचं रूप बदललं’ अशा पाटीजवळ सुमारे ८ टक्के तुकडे चोरीला गेले. ‘कृपया तुकडे नेऊ नका’ अशा साध्या पाटीजवळ २ टक्क्यांहून कमी. पहिली पाटी रागावत होती, पण वाचणाऱ्याला तिनं एवढंच कळवलं की इथे बरेच जण नेतात.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनमध्ये सायकलींच्या हँडलला जाहिरातीचे कागद अडकवले. ‘भिंतीवर लिहू नये’ ही पाटी कायम होती. भिंत स्वच्छ असताना ३३ टक्के लोकांनी कागद जमिनीवर टाकला, भिंत खरडलेली असताना ६९ टक्क्यांनी. पाटी आणि भिंत वेगवेगळं सांगत असतील तर लोक भिंतीचं ऐकतात. आपल्याकडे ‘येथे थुंकू नये’ची पाटी जिन्यातल्या लाल कोपऱ्यातच लावतात, तेव्हा हेच होतं. आधी कोपरा धुऊन रंगवायचा, पाटी नंतर.

सोसायटीत ओला-सुका कचरा वेगळा करून घ्यायचा असेल तर

पहिलं काम मोजण्याचं. कचरा न्यायला येणाऱ्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताईंना सगळं माहीत असतं. त्यांच्यासोबत आठवडाभर प्रत्येक घराचा डबा पाहा आणि किती घरं खरंच वेगळा देतात ते लिहा. मग घरोघरी, नाव न लिहिता, तीन प्रश्नांची चिठ्ठी द्या. तुमच्या मते वेगळा करायला हवा का? आपल्याकडच्या दर १० घरांपैकी किती घरं करत असतील? तुम्ही केला नाही तर कोणी नाराज होईल का?

समजा खरी घरं १० पैकी ७ निघाली आणि लोकांचा अंदाज ३ चा आला. मग लिफ्टपाशी ७ चा आकडा लावा, बाकी उपदेश नको. पण खरा आकडाच २ असेल तर तो चुकूनही लावू नका, ॲरिझोनाची पाटी होईल. अशा वेळी पहिल्या प्रश्नाचं उत्तर सांगा: समजा, १० पैकी ९ घरांना हे व्हायला हवं असं वाटतं, पण त्यांतली बहुतेक घरं दुसऱ्याची वाट पाहतायत. आणि सुरुवात अख्ख्या सोसायटीत न करता एका विंगच्या लागोपाठच्या दोन मजल्यांवर करा. विखुरलेली आठ घरं एकमेकांना दिसत नाहीत, एका जिन्यातली आठ दिसतात.

कारणही नेमकं सांगा. सुका कचरा विकून येणारे पैसे कचरा उचलणाऱ्याचे असतात. ओल्यात भिजलेला कागद विकला जात नाही. सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढला, तर ताईंना ते उघडून पाहावं लागत नाही. हे कळल्यावर डब्याकडे पाहण्याची नजर बदलते. दंड लावायचाच असेल तर अगदी शेवटी, आणि आधी दारावर जाऊन बोलल्यावर.

एवढं करूनही घडी विस्कटते ती भाडेकरू बदलल्यावर. अकरा महिन्यांचा करार संपतो, नवं बिऱ्हाड येतं, आणि ‘सगळे काय करतात’ याचं उत्तर ते पहिल्या दोन-चार दिवसांत, खालचे डबे उघडून पाहून ठरवतं. तेव्हा किल्ली हातात देतानाच दोन बादल्या द्या, आणि त्या आठवड्यात खालच्या डब्यांत मिसळलेला कचरा दिसणार नाही याची खबरदारी घ्या.